फडकं

दोन हजार साली, नारूचा रोग देशातून गेल्याचं सांगायला आरोग्यसेवक वडपे गावात दाजींच्या ओटीवर आला. दाजींनी हौसेनं धोतर वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. “इथून हातभर दोऱ्यासारखा जंत निघाला. नुसती आग! विहिरीच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडला, की थंड वाटायचं.” “आजोबा, त्यानंच तर पसरला,” आरोग्यसेवक सहज म्हणाला. “जखमेतून पिल्लं पाण्यात, पाण्यातून लोकांच्या पोटात. वर्षानं त्यांच्या पायांत.” दाजींनी धोतर खाली सोडलं. तेवढ्यात बायको कमळा लंगडत पाणी घेऊन आली. नळ येऊनही हंड्याच्या तोंडाला ती अजून गाळायचं फडकं बांधायची. “माजीच चूक, सायेब,” ती नेहमीचंच बोलली. “यांना नारू झाला तवा एक दिस फडकं बांधाया इसरले, नि माजा पाय गेला.” दाजी म्हणाले, “कमळे, बस जरा. फडक्याचा दोष न्हाय.”