घरच्या माणसाचा विश्वास

चर्चमधल्या गुडघे टेकायच्या उशा पार चपट्या झाल्या होत्या. गादीवाला भरदुपारी एकटाच बसून त्यांत नवा फोम भरत होता. बायको जाऊन महिना झाला होता, आणि हाताला काम असलं की डोकं जरा गप्प बसायचं.

पाळकसाहेब आले आणि शेजारच्या बाकावर टेकले.

"दादा, राग मानू नका, पण मनातलं बोलतो. वहिनींसाठी अख्ख्या मंडळीने उपास धरले, पाळ्या लावून प्रार्थना केली. तरी देवाने ऐकलं नाही. घरच्या माणसाचा विश्वास कमी पडला की असं होतं."

गादीवाल्याने दाभण उशीत खुपसून ठेवला.

"साहेब, तुम्ही इथे आमेन म्हणून घरी झोपायला जात होतात. तिचं कण्हणं मी ऐकत होतो. शेवटी शेवटी तर तिला अंगावरची चादरसुद्धा सोसवत नव्हती."

"म्हणून तर म्हणतो, तुमचा धीर सुटला. तुम्ही मनापासून मागितलं असतं तर..."

"मनापासूनच मागितलं!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेर अंगण झाडणारी बाई दाराशी येऊन उभी राहिली.



"तुमची अख्खी मंडळी 'तिला बरं कर' म्हणत होती. मी एकटा 'तिला सोडव' म्हणत होतो, आणि त्याने माझं ऐकलं. आता सांगा, विश्वास कोणाचा कमी पडला?"