विलायतेची भुयारी रेल

निजामाच्या फौजेतून लढाईवर गेलेला येडबा विलायत बघून परतला आणि सोयरिकीसाठी पोखर्णीला मुंजाजीच्या ओट्यावर येऊन बसला. लंडन शहराच्या पोटातून रेल धावते, वर बाजार भरतो अन् खालून माणसं या पेठेतून त्या पेठेत जातात, हे ऐकून मंडळींनी माना डोलावल्या. जमिनीखाली पेवात वर्षभर ज्वारी राहते, मग घटकाभर माणसं का राहू नयेत? तिथला जिना आपला आपणच खाली सरकतो, हेही चहाबरोबर त्यांच्या घशाखाली उतरलं.

"गाडीत मांडीला मांडी लागती," येडबा रंगात आला, "पण कुणी कुणाशी बोलत न्हाई."

मुंजाजीनं फोडायला घेतलेली सुपारी खाली ठेवली. "शेजारच्याला गावबी इचारत न्हाईत? पावणं, थापा मारायला बी काई हद्द असती. थापाड्याच्या घरी आमी पोरगी देत नसतो."

येडबाला घाम फुटला. "इचारतेत की मामा! गाव, सोयरेधायरे, पीकपाणी, समदं इचारतेत. गप बसूच देत न्हाईत!"



त्या दिवशी येडबानं मारलेली ही एकच थाप, अन् तिच्यावरच सुपारी फुटली.