लाल चिंधीचा दुधी

देठाला लाल चिंधी बांधलेला दुधी पाहून नव्या सुनेला वाटलं, आज हाच काढायचा म्हणून सासूबाईंनी खूण केलीय. तिने तो काढला, चिरला आणि मन लावून भाजी केली. सासूबाई कामावरून आल्या, वेलापाशी क्षणभर थबकल्या, मग हातपाय धुऊन जेवायला बसल्या. भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली.

जेवणं झाल्यावर नणंद कुजबुजली, "वहिनी, अगं तो बियाण्याला राखला होता! पणजीपासूनचं वाण आहे आपलं. विकतचं बी दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं, म्हणून आई जिवापाड जपते."

सून धावत सासूबाईंकडे गेली. "आई, माझ्या हातून सगळं बियाणं संपलं हो! जेवताना एका शब्दाने बोलला नाहीत?"

"भाजी झकास झाली होती, बोलू काय?" सासूबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि हातात रिकामी वाटी दिली. "जा, गल्लीतल्या कुठल्याही घरी चार बिया माग. तेवढीच तुझी ओळखही होईल. वेडे, दरवर्षी सगळ्यांना मूठमूठ देते मी. आपलं बियाणं एकट्या आपल्या घरात ठेवलंय कुणी?"