तिपाईला प्लास्टर

"घे! पाडशील पुन्हा आमच्या चिंगीला?" म्हणत आजोबांनी दवाखान्यातच तिपाईला दणका घातला. पोर पडलं की पाडणाऱ्या वस्तूला बडवायचं, ही घरची रीत. म्हणून चिंगीबरोबर रिक्षातून तिपाईही आणली होती. आत्यानं तिपाईला छत्रीनं बदडलं. बाहेर ताटकळलेला एक पेशंटही आत येऊन ठोसा देऊन गेला.

चिंगीचं कोपर टम्म सुजलं होतं. "किती दुखतंय गं?" डॉक्टरीणबाईंनी हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांचा तक्ता पुढं धरला. चिंगीनं तिपाईकडे पाहिलं आणि हसऱ्यावर बोट ठेवलं.

"गुणाची आहे, रडत नाही," म्हणत आत्यानं तिपाईला आणखी एक हाणली. चिंगीनं डोळे गच्च मिटले.

ते बाईंनी पाहिलं. त्यांनी तिपाई टेबलावर निजवली आणि तिच्या डुगडुगत्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळलं.

"अहो, आरोपीलाच प्लास्टर?" आजोबा कडाडले.

"लागलंय तिला. आता कुणी हात लावायचा नाही."

चिंगीनं तिपाईच्या पायावर हळूच फुंकर घातली. मग सगळ्यात रडक्या चेहऱ्यावर बोट टेकवून तिनं भोकाड पसरलं, "माझं एवढं दुखतंय!"

बाईंनी लगेच दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. सुई टोचताच चिंगी किंचाळली. आजोबांचा हात वर गेला, आत्यानं छत्री उगारली, आणि दोघंही बाईंकडे वळले.

"त्यांना नका मारू," चिंगी हुंदके देत म्हणाली. "मग त्यांना प्लास्टर कोण घालणार?"