झिंग्यांची पंगत

काट्यावर करिष्माच्या दोन्ही शेततळ्यांतले झिंगे सारखेच भरले. डावीकडचा नग पस्तीस ग्रॅम, उजवीकडचाही पस्तीस. त्रिंबक साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा तोलले. काटा काही ऐकेना.

करिष्मानं वाकून काटा स्वतः पाहिला. झिंग्यांच्या खाद्यात समुद्रातली मासळी दळून घालतात, ती महाग आणि दिवसेंदिवस कमी. तिच्या जागी करिष्मानं घरीच मसाला बनवला होता: आंबवलेली सोयाबीनची पेंड, शेवग्याचा पाला आणि गुळाचं पाणी. खाद्य कंपनीच्या त्रिंबक साहेबांनी पाच महिन्यांपूर्वी परीक्षा लावली. डाव्या तळ्यात बिनमासळीच्या खाद्यावर मसाला, उजव्यात नुसतं तेच खाद्य. डावीकडचे झिंगे मोठे निघाले तर चौसाळ्याच्या तिच्या बचत गटाला बारमाही काम. नाहीतर दिवाळी झाली की हातात पुन्हा ऊसतोडीचा कोयता.

बांधावर तिचा थोरला दीर बजरंग मिशीत हसत बसला होता. त्यानं गेल्या साली चूल वेगळी केली आणि पलीकडं आपलं तळं खोदलं. झिंग्यांचं बी एकाच गाडीतलं, खाद्यही तेच, एकाच दुकानातलं, पण मसाल्याचं नाव काढलं की तो म्हणायचा, "झिंग्याला फोडणी देऊन कुटं शेती व्हती का?"

"फरक काहीच नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

करिष्मा मटकन खाली बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

"कावून रडती गं?" सासू मंजुळाबाई खाद्याची पाटी घेऊन आल्या. दोन्ही तळ्यांना खाऊ घालायचं काम त्यांचं. स्वतः माळकरी, झिंगा कधी तोंडाला लावला नाही, पण दारात कुणाला उपाशी ठेवलं नाही. "मसाला दोनीकडं पडलाय की. रोजचा निम्मा-निम्मा केला मी."

"आत्याबाई, उजव्यात टाकायचा नव्हता!"

"एकाच पंगतीत एकाला तूप आन् दुसऱ्याला कोरडं? आसलं पाप मी लग्नाकार्यात केलं न्हाई, तळ्यात करू व्हय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आजी, आता बिनमसाल्याचं तळं मी आणू कुठून?"

मंजुळाबाईंनी बजरंगच्या तळ्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज जरा उतरला. "त्याच्यात न्हाई टाकला. त्याची चूल येगळी हाय."

साहेब तसेच बांध ओलांडून गेले. बजरंगच्या तळ्यात जाळं पडलं, वर आलं. काटा बावीस ग्रॅमवर थांबला.

साहेबांनी वही पुन्हा उघडली. "म्हणजे निम्म्याच मसाल्यात एवढी वाढ," ते स्वतःशीच पुटपुटले. मग करिष्माकडं वळून म्हणाले, "गटातल्या बायका किती आहेत तुमच्या?"

करिष्मानं पदरानं नाक पुसलं आणि हसली. मग ती बोटांवर एकेकीला मोजू लागली.

बजरंगच्या मिशीतलं हसू केव्हाच मावळलं होतं. तो आपले बारके झिंगे बघत राहिला. मग बांध उतरून आला, आईच्या हातातली पाटी त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि खाली बघत म्हणाला, "आये, चूल परत एकच करावी म्हनतो मी."