गुरुजींसाठी वेगळं पातेलं

गिऱ्हाइकानं वाटी पुढं सरकवली. "मावशी, हा कोल्हापुरी रस्सा नाही. हायवेवरच्या हॉटेलात कसा लालभडक मिळतो." आणि तो अर्ध्या जेवणावरून उठून गेला. आठवड्यातला हा चौथा.

सासूनं शिकवलेला तो तपकिरी रस्सा शालनताईंनी त्याही दुपारी मोरीत ओतला. खानावळ सोडून त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाण्याकडून लाल रंगाची पुडी आणली, तिखट दुप्पट केलं, वर बोटभर तवंग सोडला. महिन्याभरात बाकडी भरली.

एक छोटं पातेलं मात्र त्या रोज वेगळं, जुन्या पद्धतीनं चढवायच्या. तीस वर्षं त्यांच्याकडेच जेवणाऱ्या पोवार गुरुजींसाठी. त्याची चवसुद्धा बघावी लागत नसे, हात आपला चालायचा. ते पातेलं चुलीवर आहे तोवर आपण काही घालवलेलं नाही, असं त्यांना वाटायचं.

आज गुरुजींनी शेजारच्या ताटात डोकावून पाहिलं. "शालन, मला एकट्यालाच हे पाणचट का वाढतीस गं? मलाबी तो खरा रस्सा दे की."

शालनताईंनी मोठ्या पातेल्यातला लाल रस्सा वाढला. गुरुजींनी दोनदा मागून घेतला.

सगळे गेल्यावर शालनताईंनी छोट्या पातेल्यातला रस्सा तळहातावर घेतला आणि डोळे मिटून चाखला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला.

त्यांनाही तो पाणचटच लागला.