बेकरीसमोरचं घर

भिंत पडली आणि आत माणूस दिसला.

खुर्चीत बसलेला म्हातारा. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. आरसा भिंतीबरोबर गेला होता. कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलेलं, विटांच्या भुग्यात माखलेलं.

"बंद कर! मशीन बंद कर!" मुकादम ओरडला. चालकाने ते कधीच बंद केलं होतं.

दाराला बाहेरून कुलूप होतं. तोडायला लागण्याआधी दोनदा हाका मारल्या होत्या, खिडकी ठोठावली होती. आतून हूं नाही की चूं नाही. पाडायचं घर रिकामंच असणार, असं सांगितलेलं होतं. म्हणून हेही रिकामंच वाटलं.

मुकादम ढिगाऱ्यावरून धडपडत आत गेला. "आजोबा, लागलं का कुठं?"

म्हातारा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. "सून बाजारात गेलीय," तो म्हणाला. "तुम्ही दारातून का नाही आलात?"

तेवढ्यात मुकादमाच्या खिशातला फोन वाजला. मुलगी होती. शाळेत इंग्रजी शिकवायची. सकाळी त्याने कामाच्या कागदावरची ओळ तिला वाचून दाखवली होती. घर बेकरीच्या 'किटी-कॉर्नर' आहे, म्हणजे कुठं गं? तिचा तास सुरू होत होता. "समोरचं असेल, बाबा," म्हणून तिने फोन ठेवला होता.

"बाबा, चुकलं माझं," आता ती घाईघाईने सांगत होती. "शब्दकोशात बघितलं. किटी-कॉर्नर म्हणजे तिरपं समोर. चौकाच्या पलीकडचा, तिरप्या रेषेतला कोपरा. अजून हात लावला नाहीत ना?"

मुकादमाने मान वळवली. चौकाच्या त्या कोपऱ्यावर एक घर उभं होतं. ना दारं, ना खिडक्या. छपरातून आभाळ दिसत होतं.

"बाबा? ऐकताय ना?"

गाडी करकचून थांबली. इंजिनिअरसाहेब धावत आले आणि म्हाताऱ्याला बघून जागच्या जागी थिजले.

"अरे, हे कुणाचं घर पाडलंस? कागदावर लिहून दिलं होतं ना! अर्थ कुणी सांगितला तुला?"

मुकादमाने फोन छातीशी धरला.

"कुणी नाही, साहेब. मीच लावला. म्हटलं, येतं आपल्याला इंग्रजी."

फोनमधून हुंदका आला. मुकादमाने त्यावर तळवा घट्ट दाबून धरला.